बाळाच्या गोधडीतला बॅनर

अन्याय माझ्यावर झाला आहे. मागच्या सोमवारी, दुपारची भांडी झाल्यावर आणि चहा ठेवायच्या आधी, आमच्याच घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या उघड्या पडवीत, माझ्या सख्ख्या आईने मी शिवलेली गोधडीची एक अख्खी बाजू उसवली. पूर्वसूचना दिली नाही. माझं म्हणणं ऐकून घेतलं नाही. साक्षीदार दोघी होत्या. एक माझी गरोदर ताई आणि दुसरी समोरच्या घरातली मोठीमाय, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. दोघींनी निषेध नोंदवायचा सोडून दोऱ्याची टोकं ओढायला मदत केली.

एका गोधडीपायी एवढा आरडाओरडा कशाला, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी प्रकरण मुळापासून वाचावं.

मी चळवळीतली मुलगी आहे. ब्रह्मपुरीला कॉलेजात होते तेव्हापासून पत्रकं लिहिते. बंद पडलेली बस, वसतिगृहातलं जेवण, रखडलेले वनहक्काचे दावे, विषय कुठलाही द्या, संध्याकाळपर्यंत पत्रक तयार. आम्ही फ्लेक्स वापरत नाही, तत्त्व म्हणून. आमचा बॅनर मांजरपाटाचा, हाताने रंगवलेला. दिवाळीनंतर आमच्या फाट्यावर रस्त्यातल्या खड्ड्यांविरुद्धचा असाच एक बॅनर बांधायला मी स्टुलावर चढले. स्टुलाचा एक पाय खड्ड्यात होता. मी पडले, बॅनर माझ्यावर पडला, आणि ज्या जीपवाल्याने आम्हा दोघांना दवाखान्यात पोहोचवलं तो वाटभर एवढंच म्हणत होता की ताई, मागणी तर बरोबर होती.

घोट्याला प्लास्टर चढलं. पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. संघटनेतली मंडळी बघायला आली, प्लास्टरवर घोषणा लिहून गेली, आणि जाताना म्हणाली की आता आराम कर, एखादा छंद लावून घे. हे मला फार लागलं. छंद हा शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला होता, तोही पत्रकात, पुढाऱ्यांना उद्घाटनांचा छंद जडला आहे असं लिहिताना. ज्या माणसाला जग बदलायचं आहे त्याला फावला वेळ नसतो, अशी माझी ठाम भूमिका होती. घरात बसल्यावर कळलं की फावल्या वेळाला माझी भूमिका माहीत नव्हती.

आधी बाग करून पाहिली. फुटक्या बादलीत टमाट्याचं बी टाकलं आणि खाटेवरून तिच्यावर नजर ठेवली. कोंब आले, वानरं आली, कोंब गेले. वनविभागाला निवेदन लिहायला घेतलं तर आई म्हणाली, बादलीचा पंचनामा कोण करणार आहे. मग फोनवर बुद्धिबळ. तो फोन माझ्याशी लबाडी करत होता यावर मी अजूनही ठाम आहे. मग पेपरातलं शब्दकोडं. त्यात उत्तर माझं बरोबर आणि चौकोन कमी, असं वारंवार होऊ लागलं, तेव्हा मी संपादकांना पत्र लिहिलं. ते छापलं नाही. माध्यमं कोणाची आहेत हे आपल्याला माहीतच आहे.

आणि हे सगळं चालू असताना, माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर, रोज दुपारी तीन बायका शांतपणे शिवत बसलेल्या असायच्या.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिची गोधडी शिवणं चालू होतं, म्हणजे तिच्या बाळाची. आमच्या गल्लीत पहिल्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरोघरची वापरून वापरून मऊ झालेली सुती लुगडी, साड्या मागून आणायच्या, धुवायच्या, थरावर थर घालायचे आणि धावदोरा टाकत जायचं. रीत अशी की जिचं कापड, त्या थराला पहिला टाका तिने स्वतः येऊन घालायचा. मग बाकीचं कोणीही शिवो. थंडीच्या दिवसांतलं बाळ म्हणून आईने चार थर ठरवले होते. एक तिची बुद्धवंदनेला नेसायची पांढरी सुती साडी, एक मोठीमायचं लुगडं. उरलेले दोन सापडत नव्हते.

मी आधी खाटेवरून टीका केली. ती फुकट असते. मग एका दुपारी काहीच सुचेना म्हणून सुई मागितली. ताईने ती लगेच दिली नाही. सुई बोटात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तूच लिवलं होतं ना वं, सुई म्हंजे बाईले घरात बांधायचं दावं म्हून? मंग आता काऊन बांधून घेऊन राह्यली?"

मी म्हणाले की आमचा विरोध सक्तीला आहे, ऐच्छिक शिवणाला नाही. मोठीमायने विचारलं ऐच्छिक म्हणजे काय. आई म्हणाली, पाय मोडला की जे करतात ते.

माझे पहिले टाके बघून मोठीमाय हळहळली. "ह्या टाक्यात पोराचा अंगठा अडकन, बाई." मी म्हटलं, अंतर जास्त ठेवलं की काम लवकर उरकतं. तिने नुसता दोरा ओढला आणि माझे सगळे टाके एका झटक्यात बाहेर आले. पण मी चिकाटी सोडली नाही. आणि खरं सांगते, तिसऱ्या-चौथ्या दुपारी असं झालं की मी बराच वेळ काही बोललेच नाही. आईने मान वर करून विचारलं, ताप तर नाही ना आला. हात चालत होता आणि डोक्यात एकही मागणी नव्हती. असं मला कधी झालं नव्हतं. मला ते आवडलं, आणि जे मला आवडतं त्याची मी मोहीम करते. हा माझा स्वभाव आहे, आजार म्हणा हवं तर.

दोन थर कमी आहेत ना, मग ते मिळवण्याची जबाबदारी माझी, असं मी जाहीर केलं. पाय चालत नव्हता, पण फोन चालत होता. गल्लीतल्या, वळणापलीकडच्या, थेट धानाच्या गिरणीपर्यंतच्या बायांना मी फोन लावले. साड्या आल्या, भरपूर आल्या. पण सगळ्या झुळझुळीत. एकीने खिडकीचा पडदा पाठवला. एकीने मुलाची कबड्डीची जर्सी. सुती लुगडं आता नेसतं कोण, असं सगळ्यांनीच म्हटलं. धुवायला सोपी, वाळायला सोपी, इस्त्री नको, बाजारात तेच मिळतं. आणि ज्यांच्या घरी होतं त्यांचं कधीच पायपुसणं झालेलं. बाळाच्या अंगाखाली घालायला चिंधीभर सूत नाही अशी वेळ आली आहे हो, आणि कोणाला पत्ताही नाही! मी पत्रकाचा मसुदा लिहायला घेतला. आई म्हणाली, पत्रकाचं दुपटं होते काय.

होतं, असं माझ्या डोक्यात तिथेच आलं.

फाट्यावरून माझ्याबरोबर घरी आलेला बॅनर खाटेखाली घडी करून पडला होता. मांजरपाट, म्हणजे शुद्ध सुती. सकाळी आई धान वाळवायला मागे गेली तेव्हा मी बॅनरचा मापाचा तुकडा कापला, दोन थरांच्या मधे सरकवला, आणि वरून सलग दोन दुपारी मन लावून शिवत बसले. एका बाजूचं सगळं शिवण माझ्या हातचं. टाके बारीक, एका ओळीत. मोठीमायने पाहिलं आणि ओढलं नाही. मला वाटलं, निम्मा प्रश्न सुटला.

सोमवारी आईने गोधडी मांडीवर घेतली आणि तळहाताने दाबून पाहिली. पुन्हा दाबली. मग कान जवळ नेला.

"हे वाजून काऊन राह्यलं?"

मांजरपाटाला खळ असते आणि वरती रंगाचा थर, त्यामुळे ते जरा करकरतं. पण हे समजावून सांगायची संधी मला दिली गेली नाही. तिने कड उसवली, बोटं आत घातली आणि लाल अक्षरांत 'खुर्ची खाली करा' बाहेर ओढलं. घोषणेचा आधीचा अर्धा भाग, खड्डे बुजवण्याचा, खाटेखालीच राहिला होता.

मोठीमायला वाचता येत नाही. तिने विचारलं काय लिहिलं आहे. आई म्हणाली, "लेकराले ऊठ म्हून राह्यली."

"पोरगं अजून आलं नाई," मोठीमाय म्हणाली, "आन ही उठवून राह्यली."

मग तिघी अशा हसल्या की ताईला पोट धरून भिंतीला टेकावं लागलं. आईने बोटाला थुंकी लावून अक्षरावर घासलं आणि लाल झालेलं बोट मला दाखवलं. यावर निजलं की लेकराचं ढुंगण असं होईल, म्हणाली. मी बाजू मांडली. कापड सुती आहे, तुम्हाला थर हवा होता, मी मिळवून दिला, साधनं मर्यादित असताना कार्यकर्ता जे हाताशी असेल त्यातून मार्ग काढतो. वगैरे. बरंच बोलले.

ताईचं हसणं थांबलं तेव्हा मी अजून बोलतच होते. ती बल्लारपूरला राहते, दोन खोल्यांत. भाऊजी शिफ्टला गेले की घरी कोणी नसतं. शेजारीण चांगली आहे पण तिला मराठी कमी येतं, हिला तेलुगू अजिबात नाही. सासरकडून बाळासाठी दुकानातलं केसाळ ब्लँकेट आधीच आलं आहे, त्यावर अस्वलाचं चित्र आहे. ताईने कोणालाच नावं ठेवली नाहीत. उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

"तिकडं मी दिवसभर एकटीच रायतो. ह्याच्या अंगावर इथच्या बायायचा हात पाहिजे मले. तुहा नारा नोको."

मी त्या लाल अक्षरांकडे पाहिलं. तो बॅनर कोणाच्याही अंगावर वापरलेला नव्हता. माझ्या अंगावर पडला होता, तेवढाच.

तेवढ्यात आईने माझी बाही चिमटीत धरली.

मी तेव्हा निळा सुती कुर्ता घातला होता. हा कुर्ता म्हणजे साधा कुर्ता नव्हे. तहसीलवरचे मोर्चे, अहेरीपर्यंतची पदयात्रा, एक लाठी, दोन उपोषणं, सगळं याच्या अंगावरून गेलं आहे. धुऊन धुऊन तो लोण्यासारखा झाला आहे. आईने कापड बोटांत चोळलं आणि ताईकडे पाहिलं. मी म्हणाले, अजिबात नाही, हा चळवळीचा इतिहास आहे.

आई म्हणाली, "इतिहास मऊ झाला का नाई, तेवढं सांग."

मी एका पायावर लंगडत, भिंत धरत आत गेले आणि दुसरं काहीतरी घालून बाहेर आले. आईने कात्री चालवली. खिशातून धुतलेल्या पत्रकाचा कडक गोळा निघाला, तो तिने न वाचताच अंगणात फेकला. पाठीचा भाग आणि पुढचा भाग जोडून बरोबर एक थर झाला. मग तिघी माझ्याकडे बघत थांबल्या, आणि कशासाठी थांबल्यात हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. कापड माझं होतं. पहिला टाका मी घातला. वाकडा गेला. मोठीमायने पाहिला आणि राहू दिला.

उसवण्याच्या पद्धतीबद्दलची माझी तक्रार कायम आहे. निर्णयाविरुद्ध अपील नाही.

आता सद्यःस्थिती सांगते. तीन थर झाले, चौथा नाही. डॉक्टर म्हणतात बाळ केव्हाही येईल. पहाटे अंगणात धुकं उतरतं आहे, सपरीत बसलं की बोटं गारठतात. तिघी शिवतात, चौथी मी, पण थराशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ताई रोज दुपारी फाटकाकडे बघत बसते.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हालाच, हे वाचणाऱ्याला. तुमच्या घरात कपाटाच्या तळाशी किंवा पेटीत एखादं जुनं सुती लुगडं, साडी, धोतर, सदरा नक्की आहे. सुती आहे की नाही कळत नसेल तर गालाला लावून बघा. त्याची लादी पुसायची चिंधी करू नका. तुमच्या गल्लीत पहिलटकरीण असेल तर तिच्या घरी न्या. नसेल तर आमच्याकडे आणा. दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, स्वतः या. आत्ता उठा आणि पेटी उघडा.