ताईची परात आणि दाजींची जीप

धारहून येणाऱ्या सकाळच्या मोटारीचा ड्रायव्हर आमच्या देवासच्या शाळेच्या फाटकाशी कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबला, खाली उतरला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मास्टरसाब, रामरावभिया गए..." एवढंच बोलला. रामराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. रात्री नेहमीसारखे जेवून झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. त्याला आता महिना उलटून गेला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मन दर वेळी एकाच ठिकाणी जाऊन थांबतं... धारच्या घरामागचं अंगण, आणि तिथे विटांवर चढवून ठेवलेली, पुढची चाकं जाम झालेली जीप.

दाजी धार दरबारच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला, आणि दाजी घरी बसले. मग एक दिवस ते महूकडून लढाईच्या वेळची एक जीप घेऊन आले. कित्येक पावसाळे चिखलात उभी राहिलेली. पुढची चाकं फिरेनात, म्हणून तिचं तोंड बैलगाडीवर चढवून आणली होती. गल्लीतली माणसं हसली. दाजी म्हणाले, "हसा भिया, हसा. हिची चारही चाकं ओढतात. जिथे तुमचे बैल बसतील तिथून ही निघेल."

त्याच वर्षी ताईला मूल झालं, आणि बारशाआधीच ते गेलं. त्यानंतर ताई बोलेनाशी झाली. स्वयंपाक करी, वाढी, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडे. दाजी तर त्या बाळाविषयी एक अक्षर काढत नसत. कुठे लहानसहान दुरुस्तीचं काम मिळालं तर करून येत, आणि आले की जीपखाली शिरत. दिवाळीच्या सुट्टीत मी धारला गेलो तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. घरात बायकोची ही दशा, आणि हा माणूस बाहेर लोखंडाशी झटतोय!

पण त्यांच्याजवळ बसलो तेव्हा कळलं, ते काम साधं नव्हतं. चाक ज्यावर बसतं तो हब, आणि त्यातून आरपार जाणारा अॅक्सल. दोहोंच्या मधली बेरिंगं गंजून अशी चिकटली होती की लोखंड जणू एकच झालं होतं. दाजी तिथे घासलेट सोडत, वाट बघत, हलक्या हाताने ठोकत, पुन्हा वाट बघत. "जोर केला की तुटतं," म्हणायचे. "त्याला सुटावंसं वाटलं पाहिजे..." चार दिवसांनी डावा हब निघाला. बेरिंगं धुवायला भांडं हवं होतं. दाजी स्वयंपाकघरात गेले आणि हाताला लागली ती परात उचलून तिच्यात घासलेट ओतलं.

"अहो! माझी कणीक भिजवायची परात!"

आम्ही दोघेही दचकलो. ताई दारात उभी होती. कित्येक आठवड्यांत तिचा आवाज असा घरभर ऐकू आला नव्हता. "आता कणीक कशात भिजवू? माझ्या डोक्यावर?" असं म्हणत ती तरातरा आली, परातीशी बसली, आणि दाजींच्या हातातलं बेरिंग काढून घेतलं. "आणि हे असं धुतात होय? चिंधी द्या इकडे." त्या दुपारी तिने बेरिंगांतला एकेक रोलर पुसून लख्ख केला. मान वर न करता मध्येच विचारलं, "ही नेमावरला जाईल?" बाळ झालं की त्याला घेऊन नेमावरच्या घाटावर नर्मदामाईची ओटी भरायला येईन, असं ती बोलली होती. नवस तसाच राहिला होता. दाजी म्हणाले, "जाईल."

उजवा हब मात्र हटून बसला. ओढून काढायच्या पुलरचा एक दातच मोडला. शेवटी दाजींनी चाक पुन्हा हबवर चढवलं. मोठं चाक धरून हलवलं की हबवर जास्त जोर पडतो. ते एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. काही होईना. ताई पदर खोचून आली. "सरक रे, तुझ्यात काही दम नाही." दोघं समोरासमोर बसली. एकदा त्यांनी ओढायचं, एकदा हिने. आत काहीतरी करकरलं, आणि पुढच्या हिसक्याला चाक, हब, सगळं सुटून दोघांच्या अंगावर आलं. दोघंही धुळीत पाठीवर पडली. ताई हसायला लागली. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो.

पौषात आम्ही नेमावरला निघालो. लोहारदा गावाच्या पुढे अवकाळी पावसाने नाल्याचा नुसता काळा चिखल झाला होता. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. काठावरचा शेतकरी म्हणाला, "बैल जोती दूँ कंई, भिया?" दाजींनी नको म्हणून मान हलवली, पुढची चाकं इंजिनाला जोडायचा दांडा ओढला, आणि गाडी गुरगुरत, पुढून ओढत वर चढली.

घाटावर ताईने एकटीने ओटी भरली. परत आली तर दाजी पायरीवर ओंजळीत तोंड लपवून बसलेले. "मला वाटायचं, मीच रडलो तर तू कुणाकडे बघशील..." ताई त्यांच्याशेजारी बसली. म्हणाली, "मी तुमच्याकडेच बघत होते हो. तुम्ही त्या चाकाकडे बघत होता."

पुढे त्या जीपने वर्षानुवर्षं मांडूच्या घाटात माणसं नि धान्य वाहिलं. दुसरं मूल झालं नाही. पण ते घर पुन्हा मुकं झालं नाही.

तेरावा झाल्यावर ताईला मी देवासला घेऊन आलो, त्याच जीपने. शेजारचा एक जण चालवत होता. इंदूरच्या अलीकडे चहाला थांबलो. दाजींची एक सवय होती, गाडी थांबली की पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध, हबवर, तळहात ठेवून बघायची, आईने पोराचा ताप बघावा तशी. बेरिंग तापत नाही ना, एवढंच बघायचं. मी चहा घेऊन वळलो, तर ताई रस्त्याच्या कडेला वाकून उभी होती. डाव्या चाकाला हात लावून झाला होता, उजव्यावर तो बराच वेळ तसाच होता.

"कोमट आहे," ती म्हणाली. "चला."