आईच्या आणि माझ्या मधली खुर्ची

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त शंका काढायला आलेलो आहे. कुणी लिहिलं की पैंजणांचा आवाज आला, की खाली पहिली कमेंट माझी – "पाण्याचा पाइप तपासून घ्या." आमच्या सोसायटीची लिफ्ट मध्येच आपोआप थांबायची, तेव्हा छडा लावायला म्हणून मी आत शिरलो आणि स्वतःच अडकलो. वॉचमनने ओढून बाहेर काढलं तरी मी "सेन्सर आहे, सेन्सर" करतच होतो. असा माणूस आज हे लिहितोय. हसायचं असेल तर हसा, मला सवय आहे.

आम्ही कोपरला राहतो, डोंबिवली पश्चिमेला. मी, बायको स्मिता, नऊ वर्षांची ईरा आणि माझी आई. बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. ते गेल्यापासून आईने घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच केलं. रडणं नाही, चिडचिड नाही… फक्त "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी." भाजीला नाही, देवळात नाही, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, पण यांना बाहेर काढा. आता काढा म्हणजे काय, ती काय दात आहे?

तेवढ्यात ठाण्यात माजिवड्याच्या बाजूला सर्कस आल्याचं ईराला शाळेत कळलं. ती म्हणाली, "आजी येणार असेल तरच मी जाणार." वर आत्याचा फोन. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, माजिवड्यालाच राहते, ऐंशी उलटलेली. स्पीकर चालू नसताना आम्हाला सगळं ऐकू आलं.

"सुमन, मी काठी टेकत येतेय आणि तुला गं काय झालं? पातळ बदल आणि गुपचूप ये!"

आई चक्क तयार झाली. निघताना स्मिताने मला कोपऱ्यात घेतलं. "आज कसलाही घोळ घालू नकोस. आज काही बिनसलं ना, तर त्या परत कधी निघायच्या नाहीत." हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय, पण त्या दिवशी तिचा आवाज खरंच हळू झालेला.

रविवार, दुपारचा खेळ. नव्या पुलावरून टॅक्सीने पोचलो तर तंबूबाहेर ही रांग! आत खुर्च्यांना नंबर नाहीत, जो आधी शिरेल त्याची जागा. अशा वेळी मी कामाचा माणूस आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. सगळ्यांकडून वस्तू गोळा केल्या, आत पळालो आणि पुढून दुसऱ्या रांगेत पटापट टाकत सुटलो – स्मिताची ओढणी, ईराची बाटली, आत्याची छत्री, चिवड्याची पिशवी, रुमाल, टोपी. मग विजयी वीरासारखा हात हलवून सगळ्यांना बोलावलं.

सगळे बसले. कडेला मी. आणि माझ्या आणि आईच्या मध्ये एक खुर्ची रिकामी… तिच्यावर ओढणी.

"मंदार," स्मिता पलीकडून म्हणाली, "सहा खुर्च्या कशाला?"

मी मनातल्या मनात बोटं मोजली. आई-बाबा, आत्या, आम्ही तिघं. वर्षानुवर्षं आम्ही सहाच. हाताने आपलं जुनं गणित करून टाकलेलं.

आईने त्या ओढणीकडे पाहिलं. चेहरा मिटला. "मला रिक्षा करून दे," ती म्हणाली. "तुम्ही बघा, मी जाते घरी."

"अरे गाढवा!" आत्या कुजबुजली. आत्या कुजबुजली की मागच्या तीन रांगा वळून बघतात.

मी ओढणी उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात एक गृहस्थ आडवे आले. "इथे कुणी आहे का हो?"

मी "नाही, बसा" म्हणणार, तर आई म्हणाली, "आहेत. येतायत."

ते गेले. आई स्वतःच दचकल्यासारखी बसून राहिली. मला वाटतं, असं सांगितल्यावर लगेच उठून जाणं तिला बरं वाटेना. नाहीतर मी संपलोच होतो.

खेळ सुरू झाला. ईराला मी हत्तीचं वचन दिलेलं – प्राणी केव्हाच बंद झालेत हे मला तिथे कळलं. तिने असा लूक दिला की काय सांगू. पण मग दोन माणसं आत शिरलेला एक कापडी हत्ती आला, त्याचं पुढचं धड आणि मागचं धड यांचं भांडण झालं, मागचे पाय रुसून निघूनच गेले… ईरा खुर्चीवरून खाली पडायची बाकी होती.

आणि मग आला जोकर. बुटका, चौकटींची ढगळ पँट. नसलेला चेंडू घेऊन आला – म्हणजे हातात काही नाही, पण तो असा झेलायचा की चेंडू दिसायलाच लागायचा. लोकांकडे टाकायचा, लोक झेलून परत टाकायचे. आमच्या बाजूला वळला आणि नेम धरला. मी उत्साहात उभा राहिलो, दोन्ही हातांनी झेलला, वर दमल्याचा अभिनयही केला. जोकरने मान हलवली. बोटाने 'तू नाही' अशी खूण केली, मला खाली बसवलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. अख्खा तंबू हसला. मग त्याने तिकडे चेंडू टाकला… वाट पाहिली… आणि परत आलेला चेंडू असा झेलला की मागे कोलमडून पडला.

मला वाटलं, छान आयडिया आहे, रिकाम्या खुर्चीवर विनोद. त्यानंतर तो दर वेळी आला की आमच्याच बाजूला. आणि माझ्या उजव्या मांडीला सारखं काहीतरी चटकन लागत होतं. जोकर पडला, की फाट! प्लास्टिकची खुर्ची चिमटे घेते म्हणून मी सरकत राहिलो.

एकदा वळून पाहिलं तर आई हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. किती दिवसांनी… मी पुन्हा तिकडे पाहिलंच नाही. आपण बघतोय हे कळलं आणि थांबली तर?

खेळ संपल्यावर जोकर बाहेरच्या दाराशी मुलांबरोबर फोटो काढत उभा होता. ईराचा फोटो झाला. त्याने मला ओळखलं. "अरे कॅचवाले भाईसाब! और बाबा किधर गए?"

"कौनसे बाबा?"

"वही, जो आपके और माताजी के बीच में बैठे थे. हँस हँस के आपकी जाँघ पे मार रहे थे." त्याने स्वतःच्या मांडीवर पंजा आपटून दाखवला. "आज पब्लिक ठंडी थी, सच बोलूँ. उन्हीं को देख के काम किया."

माझा हात आपोआप उजव्या मांडीवर गेला.

तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. बाबांना हसू आलं की ते शेजाऱ्याच्या मांडीवर फटके मारायचे. नाटक असो, लग्नातली थट्टा असो. आईला कधीच नाही, दुसऱ्या बाजूला जो सापडेल त्याला. आमच्याकडे त्यांच्या शेजारी बसण्यावरून भांडणं व्हायची. माझ्या मांडीबद्दल मी तर त्या दिवशी कुणाला अवाक्षर बोललो नव्हतो.

मी काहीतरी फुटकळ बोलणार होतो, पण आईच पुढे झाली.

"ते पुढे गेले," ती त्याला म्हणाली. मराठीतच, शांतपणे. "गर्दीत थांबायला आवडत नाही त्यांना."

जोकरने छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि पुढच्या मुलाकडे वळला.

टॅक्सी शोधत आम्ही रस्त्यावर आलो. मग आत्याच बाबांचं नाव घेऊन म्हणाली, "वसंता मेला लहानपणीपण असाच मारायचा. निळं पडायचं."

"वन्सं, तुम्हाला तरी लग्न होईपर्यंतच सोसावं लागलं असेल," आई म्हणाली, "नंतर माझ्या माहेरची सगळी माणसं सोलून काढली त्यांनी." आणि त्या दोघी रस्त्यात उभ्या राहून अशा हसल्या की रिक्षावाले थांबून बघायला लागले.

आता तुमच्या शंका. पहिली कमेंट मीच करून टाकतो – जोकर होता, त्याचं कामच गंमत करायचं. मान्य. मग मांडीवर फटक्याचं त्याला कसं सुचलं? मी सरकताना त्याने पाहिलं असेल. तेही मान्य. पण ईराने मोबाइलवर व्हिडिओ काढलाय. त्यात खुर्ची स्वच्छ रिकामी दिसते, ओढणीही हलत नाही. मी मात्र "आई गं!" म्हणून उडतो आणि मांडी चोळतो. मी खुर्ची, उन्हाळा, मज्जातंतू, सगळं लावून पाहिलं. स्मिता म्हणते, "पाण्याचा पाइप तपास." खरं सांगायचं तर हल्ली मी कारण शोधतही नाही.

आज ऑफिसातून लवकर सुटलो. घरी आलो तर दाराला कुलूप. स्मिता कामावर, ईरा क्लासला. घराची चावी शेवटची कधी खिशात घेतलेली तेच आठवेना. आई घरी असायचीच ना! फोन केला तर मागे बायकांचा गलका.

"अरे, मी शहाडला आलेय, माझ्या मैत्रिणीकडे. भजनाची तालीम आहे."

"एकटी गेलीस? आणि मी आत कसा जाऊ?"

"बस की जिन्यात. मला उशीर होईल," म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

तर बसलोय. चहा नाही, पंखा नाही, डास चावतायत… आणि मी वेड्यासारखा एकटाच हसतोय.