आतोबांचं वजन

माझी आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. ओल्या चादरींची टोपली उचलायला दोघं लागतात. ती एकटी उचलायची. कारण साठीला टेकलेली ही बाई जिममध्ये जाऊन लोखंड उचलते. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे. आतोबा मात्र बायकोच्या डेडलिफ्टचे आकडे आल्यागेल्याला कौतुकानं ऐकवतात.

आतोबांचे पाय गेले, तेव्हापासून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत त्यांना आत्याच ठेवायची. मग एकदा टोपली उचलताना तिची कंबर धरली. डॉक्टरांनी वजन उचलणं बंद केलं, धुलाईघरात तिला घड्या घालायला बसवलं आणि घरी आतोबांना उचलायला मदतनीस येऊ लागला. माणूस भला होता. पण त्यानं आतोबांना उचललं की आत्या स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

"माझा नवरा परक्याच्या हातात लोंबकळतो, मला नाही बघवत," ती म्हणायची. खरं सांगते, मलाही बघवत नव्हतं.

अखेर डॉक्टरांची परवानगी मिळाली. ट्रेनरनं तिच्या हातात नुसता रिकामा बार दिला.

"एवढंच?"

"एवढंच, काकू."

चारचौघांत लाज वाटते म्हणून आत्या भिंतीकडे तोंड करून तो उचलायची. पण खाडा केला नाही. हळूहळू बारवर चकत्या चढल्या आणि आतोबांच्या वजनाइतक्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मदतनिसाला दारातूनच परत पाठवलं.

मी मुद्दाम हजर होते. आत्यानं पाय रोवले, आतोबांच्या काखेतून हात घातले, त्यांना उचललं आणि तशीच थबकली. मग खुर्चीत ठेवून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"अहो, इतके हलके कसे झालात?"

आतोबा छत न्याहाळू लागले.

"जेवत नव्हता?"

"जेवत होतो की. तू कामावर गेलीस की दुपारचं अर्धं शेजारच्या कुत्र्याला घालायचो."

तरीच तो कुत्रा एवढा फुगला होता!

"म्हटलं, तुझ्या कमरेवर तेवढाच भार कमी," आतोबा हळूच म्हणाले. "माझ्या हातात दुसरं होतं तरी काय?"

आत्याचा पारा चढला. "गाढव आहात! मी तिकडे लोखंड वाढवतेय आणि तुम्ही इकडे स्वतःला घटवताय?" डोळे पुसून तिनं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर ठाण मांडून बसली.

"खा. चांगले जड व्हा. उचलायला मी आहे ना!"

आतोबांनी ताट संपवलं आणि पुढे सरकवलं. "वाढ अजून."