दहाव्या दिवशी उघडलेला स्लॅब

सकाळी नऊलाच खुर्चीवाल्याने नाल्यावरच्या स्लॅबवर दीडशे खुर्च्या मांडून टाकल्या, आणि तेव्हापासून ओव्हरसीअरबाईंचा पाय एका जागी ठरेना. कार्यक्रम अकराचा होता. महिन्यापूर्वी वारलेल्या टकटकसाहेबांचं नाव या चौकाला द्यायचं, नगराध्यक्ष पाटी उघडणार, दोन शब्द बोलणार, की झालं. बाईंकडे माइक आणि पिण्याचं पाणी बघायचं एवढंच काम होतं. पण मघाशी स्टेजचा खांब नीट बसलाय का बघायला त्या वाकल्या, हातातली सळई सवयीने खाली आपटली, आणि खालून आलेला आवाज काही त्यांना आवडला नाही.

दोन हात पलीकडे वाजवलं. खणखणीत. परत अलीकडे. बद्द. तडा गेलेलं मडकं वाजतं तसं.

"बाई, खुर्च्यांखाली काय हुडकताय? कानातलं पडलं काय?" खुर्चीवाल्याने विचारलं.

"अजून तरी काही पडलेलं नाही," बाई म्हणाल्या.

ही वाजवून बघायची खोड त्यांना ज्यांनी लावली, त्यांचाच आज कार्यक्रम होता. टकटकसाहेब एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले. तिथे त्यांच्याकडे सुरुंग शोधायचं काम. पोटावर पडून, सळईने बोट बोट जमीन चाचपत पुढे सरकायचं. अकरा वर्षं सरकले, आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून घरी आले. मग नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात लागले. पण पायाखालच्या जमिनीवरचा त्यांचा विश्वास एकदा जो उडाला तो परत म्हणून बसला नाही. लोखंडी टोकाची काठी घेऊन सव्वीस वर्षं त्यांनी गाव वाजवत काढलं, त्यावरूनच गावाने हे नाव ठेवलं. गटारांची झाकणं, टाक्या, शाळांच्या गच्च्या, काही सोडलं नाही. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेले, तर जिना चढताना टकटक करून म्हणाले, चौथी पायरी बदला. व्याही वर्षभर बोलले नाहीत. पायरी मात्र बदलली.

ऑफिसात त्यांना खुर्ची होती, पण तिच्यात त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. जेवायचे उभ्याने, सही करायचे उभ्याने. कुठल्या ठेकेदाराचा पूल तयार झाला की साहेब त्याला म्हणायचे, चल, आता तुझ्या आईला घेऊन ये, पहिली तिला चालव. एकाने त्यावर आठ दिवसांची मुदत मागितली, दोन खांब पाडून पुन्हा बांधले, आणि मग आईला आणलं.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा साहेबांनी महिनाभर त्यांना कागदाला हात लावू दिला नाही. नुसतं डोळे मिटून वाजवायला लावलं. निवृत्तीनंतरही दिवसाआड फोन यायचा, अमुक गल्लीतलं झाकण हलतंय, तमुक जिना कुरकुरतोय. तेव्हा बाईंना त्या फोनचा वैताग यायचा. महिनाभर तो वाजला नव्हता, आणि आता त्याच्याविना त्यांना चैन पडत नव्हतं.

आणि हा स्लॅब म्हणजे तर साहेबांची पुण्याई. बावीस वर्षांपूर्वी उघड्या नाल्यात एक शाळकरी मुलगी पडून कायमची अधू झाली होती. त्यानंतर साहेबांनी उभ्या उभ्या हा नाला झाकून घेतला. म्हणून तर पाटी इथे. आता याच स्लॅबला पोकळ म्हणायचं, आणि तेही आजच.

बाई नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. ते अध्यक्षांच्या गाडीची वाट बघत घामाघूम झाले होते. बावीस वर्षं उभा आहे, म्हणाले, रोज ट्रक जातात वरून, तासाभरात असं काय होणार आहे? उद्या तपासा, वाटलं तर परवा तपासा, पण आज कार्यक्रमाला नाट लावू नका.

बोलणं काही अगदीच खोटं नव्हतं. बाई परत आल्या, परत वाजवलं, परत उठल्या. ट्रक येतो आणि जातो, पण दीडशे माणसं तास दीड तास बसणार आणि टाळ्या वाजवायला एकदम उठणार. स्लॅब फोडून काही निघालं नाही, तर ज्यांनी शिकवलं त्यांच्याच कार्यक्रमाचा विचका केला म्हणून जन्मभर ऐकावं लागेल. आणि निघालं, तर त्याहून वाईट. म्हातारा सिमेंट खाऊन गेला म्हणायला गाव कमी करणार नाही. माणूस गेला की तोंडं मोकळी होतात.

साडेदहाला खुर्च्या भरत आल्या, तेव्हा साहेबांची बायको आली. काकूंना पहिल्या रांगेतली मधली खुर्ची होती. बसायच्या आधी त्यांनी बाईंचं तोंड बघितलं, मग हातातली सळई बघितली.

"कुठे वाजतंय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी वाजवून दाखवलं. काकू त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगू लागल्या. ताज्या काँक्रीटला तीन आठवडे पाणी मारायचं, खालचे टेकू काढायचे नाहीत, नाहीतर आत बारीक चिरा पडतात आणि पाणी शिरून सळया गंजतात, हे बाईंना सांगायला नको. पण लोक दम धरेनात. अडथळे ओलांडून पोरं वर चढायला लागली, आणि वळसा घालून जायचं तर ट्रकच्या रस्त्याने. साहेबांनी दहाव्या दिवशी टेकू काढले आणि वाट मोकळी केली. काढल्यावर पहिल्यांदा बायकोला चालवलं. त्यानंतर रोज सकाळी चहाच्याही आधी इथे येऊन वाजवायचे, पार आजारी पडेपर्यंत. फौजेत कधी घाई केली नाही, म्हणायचे, इथे केली.

"हे कुणाला बोलले नव्हते मी," काकू म्हणाल्या. "आज तर मुळीच बोलणार नव्हते."

"फोडलं तर गाव त्यांना नावं ठेवेल, काकू."

"ठेवू दे. त्यांना आता नावं ऐकून घ्यायला भरपूर वेळ आहे. या बसलेल्यांना नाही. उठव सगळ्यांना."

बाईंनी माइक घेतला. सगळ्यांनी सावकाश उठून रस्त्याच्या कडेला यावं, पळू नये, एवढंच सांगितलं. लोक आधी हसले, मग उठले. मांडायचे पैसे ठरलेत, उचलायचे नाहीत, असं खुर्चीवाला पुटपुटत राहिला. अध्यक्षांची गाडी आली तेव्हा स्लॅबवर दोन मजूर छिन्नी आणि घण घेऊन बसले होते. मोठ्या साहेबांनी बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात बदलीचा कागद टाईप झालेला दिसत होता.

अर्धा तास नुसते टवके उडाले. काँक्रीट चांगलंच टणक निघत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, साहेब गेले पण टकटक ठेवून गेले, आणि हशा पिकला. बाई या मजुराकडून त्या मजुराकडे फिरत होत्या. जागा चुकली की कान चुकला? एवढ्यात जखमेची खपली निघावी तसा ताटाएवढा तुकडा सुटून खाली गेला आणि डुबुक आवाज आला. भोकात सळया दिसल्या, गंजून फुगलेल्या, बोटाने पापुद्रे निघतील अशा. त्यांच्याखाली नाल्याचं काळं पाणी. ते भोक पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीच्या जागेवर होतं.

हशा थांबला. मग सगळा जमाव वाकून बघायला पुढे सरकला आणि बाईंना ओरडून मागे हटवावा लागला. इकडे अध्यक्षांनी रस्त्याच्या कडेने शौर्य आणि सेवा यावर भाषण चालू केलं, पण त्यांच्यासमोर सगळ्या पाठीच होत्या.

"बांधताना पण गाव असंच वाकून बघत होतं," काकू म्हणाल्या. डोळ्याला पदर लावत होत्या, आणि हसतही होत्या.

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण सकाळीच त्यांनी ऑफिसातून त्या वर्षीच्या जुन्या फायली मागवून घेतल्या होत्या, आणि या स्लॅबच्या फायलीत साहेबांच्या अक्षरात साफ लिहिलेलं होतं, टेकू काढले एकवीस दिवसांनी. त्याच वर्षी त्यांनी गावात आणखी दोन ठिकाणी नाला झाकला होता. त्या फायलींतही एकवीसच होते.

"काकू," त्यांनी विचारलं, "शाळेमागचा आणि गिरणीपुढचा, ते किती दिवसांनी उघडले?"

काकू नाराज झाल्या नाहीत. बोटांवर मोजत आठवू लागल्या. शाळेमागचा पुरे तीन आठवडे ठेवला होता, पाणी मारायला मी स्वतः जायचे. गिरणीपुढच्याचं मात्र सांगता येत नाही, तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते.

"मग आधी गिरणी," बाई म्हणाल्या, आणि निघाल्याच.

"थांब, मी पण येते," काकू म्हणाल्या. भाषण अजून चालूच होतं.