रिकाम्या गाडीचा कलंपाग

आलिंग सिमांगची गाडी रिकामी असली की बोलायची आणि माणसं बसली की गप्प व्हायची. या एका खोडीपायी पोटच्या पोरांनी तिला म्हातारचळ लागल्याचं ठरवून टाकलं होतं.

तायाबास गावाच्या वर, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी तिचा बारिओ, म्हणजे वाडी; तिथं तिला सगळे मानानं आलिंग म्हणत. पहाटे उठून ती कसावा किसायची, नारळाच्या दुधात कालवून बुदिन भाजायची आणि उन्हं चढायच्या आत सगळी ताटं मागच्या सीटवर रचून खाली लुसेना शहरातल्या दुकानांत पोचवायची. नवरा होता तोवर तिला स्टिअरिंगला हात लावायची मनाई होती. तो गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आटोपली, आणि दुसऱ्या दिवशी बाई किल्ली घेऊन गाडीत बसली. शिकताना तिनं चर्चच्या कुंपणाची भिंत खरवडली. पाद्री काही बोलायच्या आत "भिंतच पुढे आली" असं सांगून मोकळी झाली. तेव्हापासून ती गाडी म्हणजे तिचे पाय. त्या पायांवर ती लुसेनाला जायची, मैत्रिणींच्या मयताला जायची, मनात आलं तर समुद्रावर जाऊन नुसती बसून यायची, आणि कुणाला विचारायची नाही.

आता कलंपाग या शब्दाचं सांगायला हवं. सैल लोखंड आदळून खडखडलं की तो कलंपाग. आणि ऐकत नसलेल्या माणसाच्या दारात जाऊन तो ऐकेपर्यंत दार बडवलं, तर तोही कलंपागच. गावाच्या मते दोन्ही सारखेच त्रासाचे. सिमांग या दुसऱ्या प्रकारात नावाजलेली. बारिओचा नळ कोरडा पडला तेव्हा ती बारांगायच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, कप्तानाच्या अंगणात बुदिनचं रिकामं ताट पळीनं वाजवत बसली होती. कप्तानाच्या बायकोनंच शेवटी हात जोडले आणि नळ सुरू झाला.

तर या बाईला गाडीत कलंपाग ऐकू येऊ लागला. मागच्या उजव्या चाकाशी, खड्ड्यात गेलं की कलांग, बाहेर आलं की कलांग. तो ऐकला की ती घाटात वेग कमी करायची, कारण घाटातल्या वळणावर मागचं चाक भलतीकडे वळलं तर खाली थेट नारळाची बाग होती.

तिनं थोरल्याला, एदिसोनला सांगितलं. एदिसोन लुसेनात विम्याच्या कंपनीत. माणूस वाईट नाही, पण आपलं तेच खरं करणारा. तो म्हणाला, "नानाय, कसं शक्य आहे? फिएस्टाच्या जत्रेआधीच तर मागचा आर्म नवा बसवला. माझ्या कुंपारेच्या गॅरेजात, लिफ्टवर चढवून."

कुंपारे म्हणजे पोराच्या बाप्तिस्म्यातून जुळलेला सोयरा-दोस्त, आणि आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या टोकाला रबराचा बुश असतो, म्हणजे हाताचं मनगटच. ते मनगट सुटलं की चाक वाऱ्यावर.

तरी एदिसोन आला, धाकट्या निल्दोला घेऊन आला. दोघंही आईच्या बुदिनवर पोसलेले, दोन पोत्यांसारखे मागच्या सीटवर बसले. सिमांगनं गाडी मुद्दाम प्रत्येक खड्ड्यात घातली. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"कुठाय तुमचा कलंपाग?" निल्दोनं विचारलं.

"आत्ता होता."

"आवाज गाडीत नाही, नानाय. तुमच्या कानात आहे."

मग पाळी मेकॅनिक दादिंगची. हातोडे मारून मारून त्याचा एक कान गेलेला, पण दुसरा शाबूत. त्याच्या ओट्यावर नेहमीचे चार रिकामटेकडे बसलेले असत. तो गाडीत बसला तसे तेही बसले, तमाशा कोण सोडतो? गाडी पुन्हा मुकी. दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेऊन चाक उघडून बघू, असं सिमांग म्हणाली, पण दादिंगनं हसून हात हलवला. नवाकोरा आर्म कशाला उघडायचा?

इथून गोष्ट बिघडली. गाडीला काही झालेलं नाही, म्हणजे म्हातारीला झालंय. जिला नसलेले आवाज ऐकू येतात तिनं घाटात गाडी चालवायची? एदिसोननं गाडीला गिऱ्हाईक बघितलं, डुकरांचं खाद्य वाहणारा कुणी. आईसाठी लुसेनातली खोलीही बघून ठेवली, गार हवेची, टीव्हीची, नातवंडांच्या शेजारची. रविवारी प्रार्थना संपवून दोघं भाऊ किल्ली न्यायला येणार असं कळवून टाकलं.

ते आले. सिमांगनं केळीच्या पानांवर शेवया वाढल्या, हात न लावता पान उचलूनच खायच्या. दादिंगही जेवायला होता, कारण रविवारी तो कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायला असतोच.

"तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय," एदिसोननं पान तोंडाशी नेत म्हटलं. "आयुष्यभर राबलात. आता बसा."

"बसायचं कधी ते माझे गुडघे सांगतील. तू नको सांगूस."

"पण आवाज कुणालाच येत नाही ना! दादिंगकाकांनाही आला नाही."

दादिंगला वाद नको होता. त्यानं ओठ पुढे काढून दाराबाहेरच्या गाडीकडे खूण केली आणि थट्टा केली, "आलिंग सिमांग, ती गाडी तुमच्याशी एकटीशीच बोलते. प्रेमात पडलीय तुमच्या."

सगळे हसले. सिमांग हसली नाही. तिचा घास तोंडातच राहिला. एकटीशीच! लुसेनाला जाताना मागे बुदिनची रास असते, तेव्हा आवाज नसतो. माल उतरवून परत येते तेव्हाच असतो. पोरं बसली, नाही. रिकामटेकडे बसले, नाही. सुस्मार्योसेप, अरे देवा, इतके दिवस हे डोक्यात कसं आलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ती उठली. "चला बाहेर. सगळे. गाडीत नाही रे, रस्त्यावर! त्या फुटक्या मोरीपाशी उभे राहा."

"नानाय, शेवया तरी..."

"शेवया कुठे पळत नाहीत!"

दोन्ही पोरं रविवारच्या पांढऱ्या शर्टांत उन्हात मोरीपाशी उभी राहिली. दादिंगनं चांगला कान रस्त्याकडे केला. सिमांगनं गाडी मागे नेली, वळवली, आणि रिकाम्या गाडीत एकटी बसून मोरीवरून नेली.

कलांग. कलांग.

ती पुन्हा आली. कलांग. तिसऱ्यांदा आली, आता काही गरज नव्हती, पण आली. एदिसोन खाली बघत होता. दादिंगनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वजन पडलं की आर्म एका बाजूला टेकून बसतो," तो म्हणाला. "हलायला जागाच राहत नाही, म्हणून गप्प. रिकामी असली की आपटतो. माझं चुकलं, बाई. तुम्ही म्हणालात तेव्हाच उघडायला हवी होती."

दुपारी गाडी त्याच्या खड्ड्यावर चढली. चाक काढलं, पहार घालून आर्म उचकला, आणि सगळ्यांना दिसलं की टोकाचं रबर गोल फाटलंय. फाटलेल्या जागी बोट आरपार जात होतं.

"नवा होता तो!" एदिसोन म्हणाला.

"नवाच होता. पण लिफ्टवर चाक लोंबकळत असतानाच बोल्ट आवळला. रबर तिथंच जखडलं. मग गाडी खाली आली, आर्म वर गेला, आणि रबराला पीळ बसला तो बसलाच. रोज पिळलं की फाटणारच. पुवेदे ना म्हणून सोडलं असणार."

पुवेदे ना म्हणजे चालतंय की. या दोन शब्दांवर अख्खा देश चालतो आणि अधूनमधून दरीत जातो.

"तुझ्या कुंपारेला शिव्या नको घालूस," दादिंग पुढे म्हणाला. "पाठ दुखत असली की मीही आवळलेत तसे. आता नवा आर्म आणायला उद्या उजाडेल."

"नाही उजाडणार," सिमांग म्हणाली. ती घरी गेली आणि सांतो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीखालच्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेला नवाकोरा आर्म घेऊन आली. सगळे नाही नाही म्हणत होते, त्याच दिवसांत तिनं तो लुसेनाहून आणून ठेवला होता. निल्दोनं कपाळाला हात लावला.

गंजलेला बोल्ट हटून बसला. रॉकेल पाजलं, हातोडा दाखवला, पान्याला लांब नळी लावून दोघं भाऊ लोंबकळले तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. पांढरे शर्ट गेले ते गेलेच. नवा आर्म बसला, बोल्ट नुसते बोटांनी लावले, चाक चढलं, जॅक काढला आणि गाडी आपल्या चाकांवर खड्ड्याच्या कडांवरच्या फळ्यांवर टेकली.

"आता वजन हवं," खड्ड्यातून दादिंगचा आवाज आला. "रोज बुदिन असतं तेवढं. मग शेवटचा आवळतो."

सिमांगनं मागचं दार उघडलं आणि पोरांकडे पाहिलं.

"आम्ही?" एदिसोन म्हणाला.

"मग काय डुकराचं खाद्य भरू? बसा!"

बसले. काचा अर्ध्याच खाली व्हायच्या, वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळे आत भट्टी पेटलेली. रिकामटेकड्यांना पर्वणीच. "आलिंग सिमांग, बुदिन भाजलं का बघा!" "वरून खरपूस झालंय, उलटवा आता!" घाम पुसत एदिसोन म्हणाला, "नानाय, थोडं बाहेर..."

"हलू नकोस. पुन्हा पीळ पडेल." ती खिडकीत वाकली. आता तिचा आवाज रिकामटेकड्यांसाठी नव्हता. "तुम्ही येता तेव्हा काही वाजत नाही रे. गाडी वाजत नाही, मीही वाजत नाही. शेवया होतात, घर भरतं, सगळं छान. तुम्ही गेलात की काय खडखडतं ते तुम्हाला कसं ऐकू येणार? ते मला एकटीला ऐकू येतं. पण म्हणून खोटं ठरवता? मला वेडी ठरवता? ज्याचं जळतं त्याला कळतं. माझ्या कानांना पुन्हा कुणी नावं ठेवली तर मी त्याच्या दारात ताट घेऊन बसेन, मग तो पोटचा का असेना."

निल्दो तोंड उघडणार होता, एदिसोननं त्याचा गुडघा दाबला. खाली पाना एकदा, दोनदा, तीनदा करकरला.

"झालं!" दादिंग ओरडला. "उद्या लुसेनाला चाकांचं अलाइनमेंट तेवढं करून घ्या."

"उद्या जातेच आहे," सिमांग म्हणाली. "बुदिन पोचवायचंय."

पोरं उतरली. ती एकटी गाडी घेऊन मोरीवर गेली आणि हळूच परत आली. जाताना काही वाजलं नाही, येतानाही नाही. रिकाम्या गाडीत तिला फक्त इंजिन आणि स्वतःचा श्वास ऐकू आला. तिचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसायच्या आत तिनं बाहीनं पुसले.

दादिंगच्या दारात गाडी थांबली तसा एदिसोन पुढे आला. आईला घरी सोडायचं, पुढचं पुढे बघू, असं काहीसं पुटपुटत त्यानं सवयीनं तळहात पुढे केला, किल्लीसाठी.

सिमांगनं त्या तळहाताकडे पाहिलं. मग उतरून खड्ड्याच्या काठावरचा जुना, ग्रीसनं काळाकुट्ट झालेला, फाटक्या मनगटाचा आर्म उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हा ने," ती म्हणाली. "विकायला."

आणि गाडीत बसून, काच वर करून ती निघून गेली.