बर्फातल्या पुलावरचं बाबांचं श्री

दादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो केरीच्या घरात फ्रीजसमोर स्टूल टाकून बसला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि करत काय होता, तर माडाच्या गुळाचे दोन खडे घेऊन नातीला शिकवत होता. एक खडा बाहेरचा, उकाड्यानं मऊ पडलेला. तो दाबला की नुसता चेपायचा. दुसरा बर्फाच्या खणातला. त्याला नखानं बारीक चीर पाडली आणि दाबला, तर त्या चिरेवरच काडकन दोन तुकडे! "बघितलंस? वस्तू तीच. फक्त तिला थंडी वाजली." मी म्हटलं, "दादा, खेळ पुरे, आता औषध घे." "घेतो गो बाय," म्हणाला, आणि तिसरा खडा आत ठेवला... आठवड्याभरात भाच्याचा फोन आला. झोपेतच गेला म्हणे. पहिलं मनात आलं ते हेच, की आता मला 'बाय' म्हणून हाक मारणारं या जगात कुणी उरलं नाही.

थंडीचं हे वेड त्याला कुठून लागलं, देव जाणे. गोव्यात आमच्या पेडण्यात थंडी ती केवढी? डिसेंबरात पहाटे कानाला टॉवेल गुंडाळला की झाला आमचा हिवाळा. पण हा लहानपणी मासळीच्या पेटीतल्या बर्फात कोपरापर्यंत हात घालून बसायचा. मासळी हवी तर घे म्हणून कोळणी ओरडायच्या, "अरे, नुस्तें जाय जाल्यार घे, हात कित्याक घालता?" पुढं धातूंचं शिक्षण घेतलं, तेव्हा कुठल्याशा पुस्तकात त्याला कळलं की कडाक्याच्या थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं. उन्हाळ्यात जे वाकेल, ते तिथं फटकन तुटतं. झालं! घरी येऊन जेवताना तेच, झोपताना तेच. त्याला त्या गोष्टीचं इतकं नवल वाटायचं की ऐकणाऱ्यालाही वाटायला लागायचं.

आमचे बाबा नार्व्याजवळच्या नदीकाठच्या यार्डात मेस्त, म्हणजे मुख्य मिस्त्री, होते. खनिज वाहून नेणाऱ्या बार्ज तिथं बांधत. बाबांची एक रीत होती. नव्या कामाची पहिली प्लेट आली की नारळ फोडायचा, सप्तकोटेश्वराला हात जोडायचे, आणि छिन्नी-हातोडी घेऊन प्लेटवर स्वतःच्या हातानं श्री कोरायचं. वर रंग चढला की ते दिसायचंही नाही, पण आहे एवढं सगळ्यांना ठाऊक असायचं. कामगार म्हणत, पांडू मेस्ताचं श्री पडलं की बार्ज बुडत नाही. त्याच यार्डात दादा पुढं तपासनीस म्हणून लागला. मी लग्न होऊन नार्व्यालाच पडलेली, त्यामुळं बापलेक दोघंही दुपारचे माझ्याकडे जेवायला.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं तेव्हाची गोष्ट. घराघरांत भाषेवरून भांडणं. आमचे बाबा मराठीसाठी मोर्चात सगळ्यांत पुढं, आणि घरी भांडायचे मात्र कोंकणीतच! त्या सुमारास यार्डाला वेगळंच काम मिळालं. उत्तरेकडे बर्फाच्या मुलखात एक पूल व्हायचा होता, त्याच्या तुळया इथं जोडून पाठवायच्या. त्यासाठी थंडीत टिकणारं खास पोलाद आलं. दादा त्या प्लेटांवरून असा हात फिरवत होता की मी म्हटलं, अरे, घोडा घेतलास की काय! आणि बाबांनी आपल्या रीतीप्रमाणं नारळ फोडला, पहिल्या तुळईवर श्री कोरलं. दादानं ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, हे घासून काढावं लागेल. छिन्नीची खूण म्हणजे चीर. थंडीत मोडायला सुरुवात होते ती अशाच चिरेपासून."

बाबा दुपारी ताटावर बसले आणि मला सांगितलं, "तुझ्या भावाक सांग, देवाचें नांव पुसपाचें आसल्यार हांव यार्डांत पांय दवरचो ना." भाऊ समोरच बसलेला! त्यानं मला सांगितलं, "बाबांना सांग, ते श्री राहिलं तर तुळई मी पास करणार नाही." मी दोघांच्या मधे आमटीचं भांडं घेऊन उभी. असे कितीतरी दिवस गेले. बाबा खरंच काम सोडतील याची मला धास्ती पडली होती. त्या यार्डाशिवाय त्यांना दुसरं आयुष्य नव्हतं. आणि दादा लेचापेचा नव्हता, तेही मी जाणून होते. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी दादानंच तोड काढली. करून बघू म्हणाला. सुट्टीच्या दिवशी मासळीवाल्यांकडचा बर्फ आणला, त्यात मिठागरातलं जाडं मीठ ओतलं, म्हणजे बर्फ आणखी गार होतो. बार्जच्या साध्या पोलादाची एक पट्टी आणि पुलाच्या पोलादाची एक. दोन्हींवर बाबांनीच श्री कोरायचं. पट्ट्या त्या बर्फात चांगल्या मुरवल्या. मग साधी पट्टी वाइसच्या पकडीत धरली आणि दादानं घण घातला. काडकन आवाज झाला आणि तुकडा थेट फणसाच्या बुंध्यापर्यंत उडाला. बरोब्बर श्रीवरून तुटली होती! दादाचा चेहरा असा फुलला... बाबांचा उतरला. मला बाबांकडे बघवेना. मग पुलाची पट्टी. घण घातला, ती वाकली. आणखी घातला, आणखी वाकली. तुटायचं नाव नाही. श्री ताणून लांब झालं, पण तसंच्या तसं शाबूत. बाबा एकदम पट्टीकडे बोट दाखवत ओरडले, "पळय! पळय रे! माझें श्री उरलें!" आणि लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले.

दादा घण टेकून उभा. जिंकायला निघालेला माणूस तोंडावर आपटला होता, आणि गंमत म्हणजे हसत होता. खास पोलाद कसं खरं उतरलं याचाच त्याला आनंद. बाबांनी कितीतरी दिवसांनी त्याला सरळ विचारलं, "आता कितें म्हणटा? पुलार उरतलें मूं माझें श्री?" दादानं वाकलेली पट्टी वाइसमधून काढली. "बाबा, हे चार घाव झाले. पुलावरून रोज ट्रक जाणार, वर्षानुवर्षं. रोज थोडा थोडा ताण."

"मागीर मोडटलो?"

"माका खबर ना, बाबा."

"खबर ना?"

"खरंच ना. कदाचित कधीच मोडणार नाही. पण मला माहीत नाही, आणि पुलावर माणसं असतील."

शिकून आल्यापासून दादाच्या तोंडून 'मला माहीत नाही' बाबांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. "अशें पयलींच सांगपाचें न्हय रे," एवढंच म्हणाले; हे आधीच का नाही सांगितलंस, असा सूर. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या श्रीला कुणालाही हात लावू दिला नाही. आधी ग्राइंडर, मग कानस. तुळईच्या लांबीच्या दिशेनं, आडवा ओरखडा एकही न ठेवता, स्वतः घासत बसले. दादा शेजारी उकिडवा बसून दिव्याचा उजेड धरत होता. मी डबा घेऊन गेले, तर दोघांनाही जेवणाचं भान नव्हतं.

बाबा निवृत्त झाल्यावर दादा त्यांना तो पूल दाखवायला घेऊन गेला. निघताना बाबांनी माकडटोपी घातलेला तो अवतार मी जन्मात विसरणार नाही. परत आल्यावर दादानं सांगितलं ते असं. दोन्ही काठांना बर्फ. कठड्यालगत त्या मोठ्या तुळया, सगळ्या एका रंगात रंगवलेल्या. दादा मापं आठवून आठवून जागा शोधत होता, सापडेना. बाबांनी हातमोजा काढला, तुळईवरून तळवा फिरवत गेले आणि एका ठिकाणी थांबले. "हांगा."

"मी पण हात लावला गो बाय," दादा म्हणाला, "माझ्या हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. पण बाबांनी काढेपर्यंत मीही हात काढला नाही."

आता भाचा म्हणतो, "आत्ये, चल, तुला तो पूल दाखवतो." जाणार आहे मी. पण जागा कुठली, ते मी दोघांनाही कधी विचारलं नाही... तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत, अख्ख्या पुलावर हात ठेवतच चालावं लागणार मला.