आग्र्याचे जोडे

मी दिल्ली पाहिली, चितोड पाहिलं, आग्रा पाहिलं, कलकत्त्याहून बोटीने रंगूनलासुद्धा जाऊन आले. नंदुरबारच्या आमच्या गल्लीत तेव्हा सुरतेच्या पुढे गेलेली दुसरी बाई नव्हती. त्यामुळे शेजारणी कौतुकाने विचारायच्या, ताजमहाल कसा असतो? मी सांगायची, फरशी गार असते.

त्यांना वाटायचं मी चेष्टा करते. पण मी फरशीच पाहिली होती. आमचं मारवाडी घर, लाल मिरचीची आडत. घरात सगळ्यांत मोठे जेठजी, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर घुंगट छातीपर्यंत ओढायचा, मान खाली ठेवायची आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही, तेही बोलणार नाहीत. सासूबाईंनी हे लग्नाच्या दिवशी एकदाच सांगितलं, पुन्हा सांगायची वेळ मी येऊ दिली नाही.

आणि प्रवासाची हौस नेमकी जेठजींना. त्यांची बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. पावसाळा संपून मिरचीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बाजार थंड असायचा. तेवढ्यात ते आम्हा दोघांना घेऊन निघायचे. यजमानांना बघण्याबिघण्यात गोडी नव्हती. कुठेही गेलं तरी इथे मिरची कुठून येते याची चौकशी करायचे. पण मोठा भाऊ म्हणतो म्हणून यायचे, आणि मी त्यांच्या मागून. पुढे दोन भाऊ, मागे मी, डोळ्यांसमोर लाल कापड. दिल्लीच्या किल्ल्याची फरशी तापते. चितोडच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघ्यात कळ येते. रंगूनच्या देवळात जोडे काढून चालावं लागतं. बाकी सगळं मी ऐकलं. हे कोणी बांधलं, का बांधलं, इथे कोण लढलं, ते जेठजी यजमानांना सांगत चालायचे. यजमान हूं हूं करायचे.

रागाचं म्हणाल तर पहिली काही वर्षं राग यायचा. मग तोही येईनासा झाला. एवढ्या लांब येऊन पायऱ्या मोजायच्या, तर त्या घरीही होत्या.

गर्दीत मी यजमानांना जोड्यांवरून ओळखायची. मान खाली असली की माणूस घोट्यापर्यंतच दिसतो. आग्र्याला गेलो तेव्हा दोघा भावांनी एकाच दुकानातून सारखे जोडे घेतले, तपकिरी, पुढे चोच असलेले. दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यात गेलो. वर एका सज्ज्यातून नदीच्या वळणावर ताजमहाल दिसतो म्हणे. तिथे लोकांची रेटारेटी होती. तपकिरी जोडे कठड्यापाशी थांबले, मीही थांबले. आजूबाजूला सगळे "वा, वा" करत होते. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. मी हळूच म्हटलं, "पुढच्या वेळी जेठजींना आणू नका. मला एकदा तरी तोंड उघडं ठेवून काहीतरी बघायचंय."

जोडे हलले नाहीत.

थोड्या वेळाने मागून यजमानांचा आवाज आला, "भाईजी, पाणी आणलंय."

मी घुंगट आणखी खाली ओढला. जेठजींनी पाणी घेतलं, प्यायले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला, ऊन वाढतंय." त्या दिवशी त्यांनी पुढचा इतिहास सांगितला नाही. यजमानांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या वर्षी लंकेला जायचं ठरलेलं होतं. दोन वर्षं जेठजी त्याचीच तयारी करत होते. रेल्वेचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं, धनुष्कोडीला आगबोट किती वाजता सुटते तेसुद्धा. निघायच्या आठवडाभर आधी ते यजमानांना म्हणाले, "माझे गुडघे धरलेत. तुम्ही दोघं जाऊन या." यजमान म्हणाले, मग राहू दे. जेठजी चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच ऐकलं. "तिकिटं काढलीत. जायचं म्हणजे जायचं."

आम्ही गेलो. आगबोट सुटल्यावर यजमान म्हणाले, "आता कशाला झाकून बसलीस? कोण आहे इथे?" मी घुंगट मागे टाकला. समोर समुद्र होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असं मी स्वतःला सांगितलं. आत काही हललं नाही. वारा डोळ्यांत जात होता म्हणून डोळे चोळले. यजमानांना मळमळायला लागलं, ते आडवे झाले.

कँडीला एक तळं आहे, काठाला जुनं देऊळ आहे. आम्ही दोघं त्याच्यापुढे उभे राहिलो. देऊळ कोणी बांधलं, का बांधलं, आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. यजमानांनी एकाला हटकलं, पण ते मिरचीचंच विचारायला. मी सगळं बघितलं, उघड्या डोळ्यांनी, मान वर करून. झाडं हिरवी होती, पाणी स्वच्छ होतं. मला फरशी बघायची सवय लागली होती, म्हणून मधूनच खाली बघायची.

परत आलो. जेठजींनी ओसरीवर यजमानांना विचारलं, "कशी आहे लंका?" मी दाराआड उभी होते. यजमान म्हणाले, "बरी आहे. मिरची तिकडे मद्रासकडून येते." जेठजी थोडा वेळ थांबले, आणखी काही येईल म्हणून. मग उठून गेले.

हंगाम सुरू झाला. मिरचीची देठं खुडायला बाया येऊ लागल्या. त्यांतल्या एकीचा नवरा स्टेशनवर हमाल होता. ती खुडता खुडता म्हणाली, "बाई, मोठा शेठ रोज ठेसनवर येतस. गाडी देखतस, अन् परत जातस. कोठेच जात नहीत." स्टेशन आमच्या घरापासून जवळ नव्हतं. गुडघे धरलेला माणूस रोज तेवढं चालत नाही. मिरची डोळ्यांना लागते, तेव्हा पाणी आलं तरी कोणी विचारत नाही. पण तेव्हा तेही आलं नाही.

एकदा दुपारी यजमान बाजारात होते. मी जेठजींचं ताट ओसरीच्या कडेला ठेवलं आणि वळले. तेवढ्यात ते भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "समुद्र कसा होता, ते घरात कोणाला तरी ठाऊक असेल."

त्यांनी अर्धा नियम मोडला होता. उरलेला अर्धा माझ्या हातात होता. वारा होता, पाणी निळं होतं, बोट सुटताना किनारा मागे गेला, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. जीभ उचलली नाही. मला भीती नव्हती, लाजही नव्हती, नुसतं आत काही नव्हतं. जेठजी जेवले, हात धुतले, जोडे घातले आणि बाहेर गेले.

त्या उन्हाळ्यात ते वारले. तेरावा झाल्यावर त्यांचं सामान वाटून टाकलं. तपकिरी जोडे त्या हमालाला गेले. पुढे दसऱ्याच्या सुमारास यजमानांनी विचारलं, या वर्षी कुठे जायचं? मी म्हटलं, कुठेच नाही.

बावीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. एवढ्या वर्षांत मी जेठजींशी एकदाच बोलले, आणि बोलले ते एवढंच की जेठजींना आणू नका.